सहा नंबरच्या खोलीत मी कुठून गेले?

भूत, भानामती, अंगात येणं, बाहेरची बाधा... यातलं काहीही कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दाम अमावस्येला केस कापून घ्यायचो. त्यात मी स्टाफ नर्स. या सदरातले अनुभव मी डबा खाता खाता वाचते, करमणूक म्हणून, आणि वाचून झालं की शेजारच्या सिस्टरला म्हणते, "याची शुगर चेक करायला पाहिजे होती."

आणि आज मीच लिहायला बसलेय. हसून घ्या.

मी वाशीमला एका खाजगी दवाखान्यात आहे. नाव लिहीत नाही, आमच्या डॉक्टर सरांना आवडणार नाही. आमचा जुना दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. म्हणजे काय, तर एक लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना खाटा आणि दाराशी सिस्टरचं टेबल. रंग उडालेला, पंखे कुरकुरणारे. आडपडदा म्हणून नव्हताच. कोणाला एनिमा द्यायचा असला की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, अशी रीत पडून गेली होती. एखादा माणूस गेला तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जायचा. ते वाईटच होतं, मी त्याची बाजू घेणार नाही.

पण त्या टेबलावर लिहिता लिहिता मान वर केली ना, की सगळ्या खाटा एका नजरेत दिसायच्या. कोणाचं सलाईन संपत आलंय, कोण कण्हतंय, कोणती सून सासूला झोपवून गुपचूप भजी खातेय — सगळं. आणि मला नाही दिसलं तर शेजारची खाट ओरडायची, "सिस्टर, हे बुढी जेवली नाई वं!" तिथे सोळा पेशंट म्हणजे पंधरा बिनपगारी नर्सा. मी नोकरीला लागले तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला एकच गोष्ट शिकवली होती — दोन ओळी लिहायच्या, मान वर करायची. पुन्हा दोन ओळी, पुन्हा मान वर. त्या हॉलमध्ये दहा वर्षं मी तेच केलं.

मग सरांनी मोठ्या रस्त्यावर नवी इमारत बांधली. आर्किटेक्ट बाहेरगावचे. पुढून नुसती काच, आत गारेगार, फरशी अशी की चेहरा बघून कुंकू लावावं. उद्घाटनाला आलेले लोक म्हणाले, हॉटेलच वाटते बुवा. आम्हीही खूश होतो, खोटं कशाला सांगू? पहिल्यांदाच स्टाफला वेगळं बाथरूम मिळालं होतं.

आता इमारत नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेशंट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर आमचं काउंटर, तोंड लिफ्टकडे. काउंटरच्या डाव्या हाताला भिंत. सपाट, पांढरी, त्यावर हात कसे धुवावेत याचं पोस्टर. या भिंतीच्या पलीकडे दोन-दोन खाटांच्या सहा खोल्या, एकीला लागून एक. पण त्या खोल्यांकडे जायचं तर उजवीकडून निघायचं, लिफ्टला वळसा घालायचा, चादरींची खोली ओलांडायची आणि मग मागच्या कॉरिडॉरमध्ये शिरायचं. सहा नंबरची खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला. दारं अशी की हात सोडला की आपोआप बंद. थोडक्यात, काउंटरवरून मला लिफ्टमधून येणारा जाणारा प्रत्येक माणूस दिसायचा. पेशंट एकही दिसायचा नाही.

महिन्याभरात सगळे चिडचिडे झाले. ड्यूटी संपेपर्यंत पिंडऱ्यांचे गोळे व्हायचे. आमच्या सिस्टर-सिस्टरमध्ये आधी भांडणं व्हायची, आता बोलणंच होईना. पेशंटचं तर विचारू नका. चांगले धडधाकट टाके काढायला आलेले लोक "आमाले घरी जाऊ द्या" म्हणून मागे लागायचे. कशाला म्हटलं तर, "गमत नाई अठी." नातेवाइकांना वर फक्त भेटीच्या वेळेत सोडायचे, एरवी खाली खुर्च्यांवर. आणि मी? मी दोन ओळी लिहायचे, डावीकडे मान वर करायचे, आणि पोस्टर बघायचे. दरवेळी. हात कसे धुवावेत हे मला जेवढं पाठ आहे तेवढं वाशीम जिल्ह्यात कोणाला नसेल.

तर अशा ठिकाणी आमच्या गोदामामी ॲडमिट झाल्या.

माझं माहेर रिठद. गोदामामीचं घर आमच्या घरासमोर. नात्याच्या नाहीत, जातीच्याही नाहीत, पण आईची आणि त्यांची मैत्री चाळीस-एक वर्षांची. मैत्री म्हणजे रोज भांडण. तूर सोंगून झाल्यावर मामी वावरात गेल्या आणि तुरीचं खुट, कापल्यावर उरलेला टोकदार बुंधा, चप्पल फोडून पायात घुसलं. शुगर आधीपासून. घरचे उपाय करता करता पाय सुजून काळानिळा झाला, तेव्हा त्यांचा मुलगा गजानन त्यांना गाडीवर घालून आमच्याकडे घेऊन आला. अकोल्याला जा म्हणून सगळे सांगत होते. मामी म्हणाल्या, "वैशाली हाय न तठी. मंग मले कायचं भेव?"

त्या रात्री आईचा फोन आला. आई फोनवर कधी रडत नाही, दम देते.

"हे पाय वैशे, गोदीले तिच्या पायानं घरी पाठव. तिले काई झालं त मले या दाराच्या समोर बसता येनार नाई."

"सर करतात ना नीट सगळं, आई."

"तुया सराले मी ओयखत नाई. तुले ओयखतो."

झालं. पायातली घाण काढली, जखम मोकळी ठेवली, रोज ड्रेसिंग आणि जेवणाआधी इन्सुलिन असं सुरू झालं. मामीला सहा नंबर मिळाली. मी त्यांना बेल दाखवली — हे बटण दाबायचं, मी येते.

"बाप्पा! घंटी वाजवून बलावू काय तुले? तू काय चपराशी हायस?"

"मामी, सगळेच दाबतात."

"दाबू दे. माया तोंडात दात नसतीन, जीभ त हाय न? हाक मारीन."

हाक! त्या बंद दारातून आणि भिंतीतून हाक कुठे येते? दुसऱ्या दिवशी बघते तर बेलच्या वायरीवर त्यांनी आपली कापडी पिशवी अडकवून ठेवलेली. मी रागावले, पिशवी काढली. मी पाठ फिरवल्यावर ती पुन्हा तिथेच गेली असणार. जोवर शेजारच्या खाटेवर शिरपूरची एक बाई होती तोवर मला काळजी नव्हती, दोघी दिवसभर गप्पा मारायच्या. पण त्या बाईला सुटी झाली आणि मामी एकट्या उरल्या.

"वैशे, अठी मानूसच दिसत नाई वं," मला म्हणाल्या. "निरा भित पाहून राह्यली मी. भित काय बोलते?"

मी म्हटलं, आता दोनच दिवस. सकाळचं ड्रेसिंग छान होतं, जखम लाल दिसायला लागली होती. मी आईला फोन करून सांगूनही टाकलं होतं की मामी वाचल्या आणि पायही वाचला.

त्याच दिवशी ते घडलं.

दुपारची वेळ. जेवणं, भेटीची वेळ, सगळं आटोपलेलं. मामीची थाळी रिकामी परत आलेली मी स्वतः पाहिली होती, तशी नोंदही केली होती. मजल्यावर शांतता. या इमारतीत शांतता फार, जुन्या हॉलमध्ये एवढी शांतता झाली असती तर आम्ही घाबरून उठलो असतो. मी काउंटरवर बसून लिहीत होते. पेन मध्येच अडकत होतं. दोन ओळी झाल्या आणि सवयीने मी डावीकडे मान वर केली.

पोस्टर नव्हतं.

पोस्टर नव्हतं, भिंत नव्हती. एकीपुढे एक खाटा दिसत होत्या. नव्याच खाटा, आमच्याच हिरव्या चादरी, पण मधे काही नाही, पार टोकापर्यंत. आणि टोकाच्या खाटेवर मामी पाय खाली सोडून बसलेल्या. लुगड्याचा पदर घामाने गळ्याला चिकटलेला. त्यांचा एक हात वर होता, शाळेत हजेरीला करतात तसा. मग तो हात हळूहळू खाली आला आणि मामी एका बाजूला कलायला लागल्या.

विश्वास ठेवा, मी घाबरले नाही. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. दहा वर्षं मान वर केली की खाटाच दिसत आल्या होत्या, तशाच दिसल्या. मी उठले आणि धावले. एवढंच डोक्यात होतं की त्या खाली पडतायत आणि ड्रेसिंगचा पाय खाली आहे.

मी त्यांना धरलं तेव्हा त्या खाटेच्या कडेवर होत्या. अंग थंडगार, घामाने निथळत होतं. "मामी, मामी" केलं तर डोळे उघडे, पण ओळख नाही. बोट टोचून खिशातल्या मशीनवर शुगर बघितली, आकडा पार तळाला गेलेला. इतक्या कमी शुगरवर माणूस थोडा वेळच बसलेला राहतो. मग झटके, मग बेशुद्धी, आणि बंद दाराआड कोणाला कळलं नाही तर मग काहीच नाही. हाताला सुई लावलेली होतीच, त्यातून खाटेजवळच्या ट्रेमधलं ग्लुकोज दिलं. दार उघडून सरांना ओरडून बोलावलं. बेल मीच दाबली.

ग्लुकोजचं एक बरं असतं, माणूस बघता बघता परत येतो. मामीच्या डोळ्यांत आधी मी आले, मग खोली आली, मग राग आला.

"काय वं, काहून धरून राह्यली मले एवढी गच्च?"

सर आले, तपासलं, दुसरं सलाईन लावलं, धोका टळला म्हणाले. मी "एक मिनिट" म्हणून स्टाफच्या बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि नळ सोडून पोटभर रडले. एवढं हलकं मला माझ्या नर्सिंगच्या रिझल्टच्या दिवशीही वाटलं नव्हतं. आईला तोंड दाखवता येणार होतं. मामी जिवंत होत्या आणि शिव्या देत होत्या.

बाहेर आले तर आमच्या शोभामावशी मॉप घेऊन उभ्या. मजल्याची साफसफाई त्यांच्याकडे. चेहरा पांढराफटक.

"सिस्टर, एक इचारू? तुमी गेल्या कुठून?"

"कुठून म्हणजे? कॉरिडॉरमधून."

"कॉरिडॉरात मीच होतो न. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून राह्यली होती. बादली मधोमध. माया पुढून कोनीच गेलं नाई."

"तुमचं लक्ष नसेल, मावशी."

"अवो लक्ष नसू दे, फरशी त वली होती! हे पा."

मी पाहिलं. पूर्ण कॉरिडॉर फिनाईलने ओला, चकचकीत. सर आले त्यांच्या बुटांचे ठसे होते, चादरींच्या खोलीपासून सहा नंबरपर्यंत. माझ्या चपलांचे फक्त परत येतानाचे होते, जातानाचा एकही नव्हता. मावशी शपथ घेऊन सांगत होत्या की आधी त्यांना सहा नंबरमधून माझा आवाज आला, "मामी, मामी" असा, आणि त्या दचकल्या, कारण त्यांच्या हिशोबाने मी काउंटरवर होते.

आता शुगर का पडली ते सांगते, कारण ते ऐकून मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. पाय वाचला म्हणून मामींनी गणपतीसाठी कडकडीत उपास धरला होता, चंद्र निघेपर्यंत. मला सांगितलं असतं तर मी मोडायला लावला असता, म्हणून सांगितलं नाही. इन्सुलिन मात्र निमूट घेतलं, "सुई त पायाची हाय न" म्हणून! आणि भरली थाळी परत गेली तर सिस्टर ओरडेल, शिवाय अन्न वाया जाईल, म्हणून सगळ्या पोळ्या आणि भाजी रुमालात बांधून भेटीच्या वेळेत गजाननला दिल्या. बिचाऱ्याने खाली बसून खाल्ल्या. तो मला म्हणाला, "माय म्हने दोन पोया जास्तीच्या आल्या." आमच्या जुन्या हॉलमध्ये ही चोरी पाच मिनिटं टिकली नसती. शेजारच्या खाटेने बोंब मारली असती.

सरांना मी सगळं सांगितलं. भिंतीचंही. सर हसले नाहीत, ते बरं केलं. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या मनात कुठेतरी शंका आली असणार. अनुभवी माणसाचा मेंदूच काम करून टाकतो, आपल्याला नंतर कळतं. तुम्ही उठलात, नेहमीच्या रस्त्याने गेलात, घाईत लक्षात राहिलं नाही."

"आणि ओली फरशी, सर?"

"शोभाचं काय घेऊन बसलात!"

असेल. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. आणि हो, मी माझी स्वतःचीही शुगर तपासून घेतली होती. नॉर्मल.

पण त्यानंतर सर बराच वेळ काउंटरच्या मागे माझ्या खुर्चीत बसले. डावीकडे बघत. पुढच्याच महिन्यात गवंडी आले. भिंत अर्ध्याच्या वर फोडून तिथे काच लावली, खोल्यांच्या मधल्या भिंतींनाही खिडक्या पाडून काचा घातल्या, पडदे लावले, पाहिजे तेव्हा ओढायला. प्रत्येक पेशंटजवळ एक घरचं माणूस बसू द्यायला लागले. आर्किटेक्टचा फोन आला होता म्हणे, चिडून. सरांनी त्याला काय कारण सांगितलं ते मला माहीत नाही. माझं नाव तर नक्की सांगितलं नसेल. आता मान वर केली की खाटा दिसतात. पेशंट मला हात करतात, मी त्यांना. पेशंटची "घरी जाऊ द्या" ही भुणभुणही कमी झाली. आणि आम्ही सिस्टर पुन्हा भांडायला लागलो, देवाची कृपा म्हणणार होते, सवयीने... आमच्यात तसं म्हणत नाहीत.

पण हे नंतरचं. मामींना सुटी झाली तेव्हा भिंत तशीच होती.

त्या दिवशी मी त्यांना व्हीलचेअरवर खाली घेऊन आले. गजानन गाडी बघायला गेला होता. मी त्यांना भिंतीचं काहीही सांगितलं नव्हतं. आजारी माणसाला असलं काही सांगू नये, आणि रिठदला ही बातमी गेली असती तर आमच्या दाराशी गंडे-दोरे मागायला रांग लागली असती! मी फक्त रागावत होते, की मामी, तुम्ही बेल का नाही दाबली, निदान हाक तरी मारायची.

"अवं, हाक कायले मारू?" मामी म्हणाल्या. "समोरच त बसेल होती तू."

"कुठे समोर?"

"टेबलावर. मान खाली घालून लिहून राह्यली होती. पेन चालत नव्हता तुया, झटकून राह्यली होती त्याले. मले लय घाम सुटला होता, डोयापुढं अंधारी येऊन राह्यली होती. मनात म्हनलं, कामात हाय पोट्टी, हाक नाई मारत. हात वर करतो. मान वर करीन तवा दिसीन तिले."

मी व्हीलचेअरसमोर खाली बसले. विचारलं, "मामी, मधे भिंत नाही का?"

त्या खरंच आठवायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "हाय न वं. मंग तवा कुठं गेलती काय माईत."

शुगर कमी झाली की माणसाला भास होतात, हे मला पुस्तकासकट पाठ आहे. पण पेनचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सरांनाही नाही, मावशींनाही नाही. ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, मीच विसरले होते. दोन बायकांना एकाच वेळी, एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकी दिसल्या, याला काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही. भूत म्हणणार नाही, चमत्कार म्हणायची जीभ होत नाही. घरात विचारलं तर नवरा म्हणतो, ओव्हरटाईम कमी कर. वाचणाऱ्यांपैकी कोणाला पटण्यासारखं कारण सुचलं तर मला खरंच हवंय. पण नाही सुचलं तरी माझी झोप उडालेली नाही, हेही खरं. भीती कधीच वाटली नाही, त्या क्षणीही नाही आणि नंतरही नाही.

त्या संध्याकाळी मी ड्यूटी संपवून आईला फोन लावला. पोचल्या का विचारायला. आईने उचलला, पण मागे एवढा कल्ला चालला होता की मला काही ऐकूच येईना. कोणीतरी जोरजोरात म्हणत होतं की मी दवाखान्यात होती तर माझ्या अंगणात तुझ्या कोंबड्या कोणाला विचारून सोडल्या.

"आई, मामी पोचल्या का?"

"पोचली बापा, पोचली," आई म्हणाली. "आपल्या पायानं चालत आली अन् दारात उभी राहून भांडून राह्यली. ठेव आता फोन, मले उत्तर द्याचं हाय तिले."